सर्व्हिस रोडवरचं मोठं गोदाम: माल नीट उतरवतात, गाडी आल्याची वेळ लिहीत नाहीत

बेळगावच्या उद्यमबागेतून पुण्याच्या बाजूला कास्टिंग, म्हणजे फाउंड्रीतले ओतीव भाग, न्यायचं आणि येताना साबण, धुण्याची पावडर, बिस्किटं असला माल भरून बेळगावला आणायचा, हे माझं काम. गाडी माझीच, दहा चाकी, केए २२ पासिंग. चालवतोही मीच. परतीचा माल हल्ली बहुतेक वेळा एकाच ठिकाणी खाली होतो. शहराबाहेर हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून पत्र्याची मोठी गोदामं झालीत, त्यातलं हे एक. नाव लिहीत नाही. तिथं गाडी लावणाऱ्यांना ते सांगावं लागणार नाही. बाकीच्यांनी आपापल्या गोदामाला हे किती लागू पडतं ते बघावं.

पाचपैकी दोन तारे देतो. दोन्ही आतल्या कामाला. गेटला एकही नाही.

आधी आतलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. गाडी डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या ओट्याला, लागली की काम बघत उभं राहावं असं चालतं. डॉक आणि गाडीच्या फळ्या यांच्या उंचीत फरक पडला तर मध्ये लोखंडी पाट आहे, तो खाली-वर करून जुळवतात आणि हँड पॅलेट, म्हणजे माल ओढायची हातगाडी, सरळ गाडीत येते. बॉक्स कोणी फेकत नाही. वरचं पत्र्याचं छत डॉकच्या बरंच पुढं काढलंय, त्यामुळं पावसात ताडपत्री सोडली तरी माल भिजत नाही. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस कसा लागून राहतो हे माहीत असलेल्यांना या छताची किंमत कळेल. उघड्यावर गाडी खाली करताना बिस्किटाचे बॉक्स ओले झाले की त्याचे पैसे भाड्यातूनच जातात.

हमालांचा मुकादम खानापूरकडचा आहे. त्याची माणसं बॉक्स माझ्यासमोर मोजतात. फुटका निघाला तर तिथंच दाखवतात, फोटो काढतात, बिल्टीवर, म्हणजे मालाबरोबरच्या ट्रान्सपोर्टच्या कागदावर, लिहून दोघांची सही घेतात. पुण्याच्या बाजूला काही ठिकाणी सगळं उतरून झाल्यावर संध्याकाळी ‘चार बॉक्स शॉर्ट’ म्हणून सांगतात आणि ते सिद्ध कसं करायचं हे आपल्यालाच कळत नाही. तसला अनुभव मला इथं आलेला नाही. हमालीचे पैसे ड्रायव्हरकडं मागत नाहीत, चहापाण्यासाठीही कोणी अडवत नाही. साधारण दोन तासांत गाडी झाडून रिकामी होते.

दोन तासांचं काम आहे, हे लक्षात ठेवा. आता गेटबाहेरचं सांगतो.

पुण्याकडून रात्री निघालेल्या गाड्या पहाटे चार ते सहाच्या दरम्यान इथं येतात. आत पार्किंग नाही, म्हणून सर्व्हिस रोडच्या डाव्या कडेला एकामागं एक लावायच्या. नऊ वाजता गेट उघडतं. सिक्युरिटीवाला बिल्टी आणि बिलाची प्रत घेऊन आत जातो आणि परत येऊन सांगतो, “फोन करतो, गाडीतच थांबा.” टोकन देत नाहीत. कितवा नंबर ते सांगत नाहीत. माझ्या मागं आलेली गाडी माझ्या आधी आत गेली तर का गेली, तेही नाही. विचारायला गेलं की, “स्वल्प काय्री, साहेब्रु ऊटक होग्यार.” थोडं थांबा, साहेब जेवायला गेलेत. त्या माणसाचा मला राग नाही. बारा तासांची ड्यूटी, उन्हात खुर्ची, आणि आत काय चाललंय हे त्याला कोणी सांगत नाही. पण तो तेच उत्तर दुपारी देतो, तेच पाच वाजता देतो, आणि सात वाजले की आजचं काम बंद, उद्या सकाळी या.

उद्या सकाळी ‘या’ म्हणजे इथंच राहा. माझं गाव यळ्ळूर. आभाळ मोकळं असलं की रस्त्यावरून राजहंसगड दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी माझं घर. मोटारसायकलनं अर्ध्या तासाचा रस्ता. तरी जाता येत नाही. फोन आल्यावर दहा मिनिटांत गाडी गेटला लागली नाही तर नंबर सगळ्यात शेवटी. आणि माल भरलेली गाडी सोडून जायची कुणाच्या भरवशावर? रात्री डिझेल काढणारे येतात, बॅटरी जाते, स्टेपनी जाते, ताडपत्रीची रस्सीसुद्धा कापून नेतात. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा. एक जण गाडीत झोपायचा, दुसरा आंघोळ करून यायचा. आता भाड्यात क्लीनरचा पगार बसत नाही, म्हणून माझ्यासारखे बरेच जण एकटेच गाडी मारतात.

इतका वेळ का लागतो हे मी मुकादमाला आणि आतल्या दोन-तीन पोरांना विचारून समजून घेतलं. काही कारणं पटण्यासारखी आहेत. सकाळी नऊ ते बारा या वेळेत गावोगावच्या डीलरांचा माल भरून बाहेर पाठवायचा असतो. गोकाक, चिकोडी, अथणी, खानापूर, सगळीकडं छोट्या गाड्या जातात आणि त्या दुपारच्या आत निघाल्या नाहीत तर दुकानं बंद होईपर्यंत पोचत नाहीत. हमालांची टोळी एकच. ती भराईला लागली की उतरवायला माणसं उरत नाहीत. एका खेपेत चार-पाच प्रकारचा माल असतो, त्यात बॅच वेगळी, छापील किंमत वेगळी, तो वेगवेगळा लावून मोजावा लागतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर कंपन्या विक्रीचा आकडा पुरा करायला माल पुढं ढकलतात. गोदाम भरलेलं असतं, आत ठेवायला जागा नसते, आणि बाहेरची गाडी मग चाकांवरचं गोदाम होते. जागा मिळेपर्यंत माल माझ्या गाडीत, राखणही मीच करायची आणि भाडं कोणाकडंच लावायचं नाही. दसरा-दिवाळीच्या आधी हेच महिनाभर चालतं.

सकाळी भराई असते हे गोदामाला माहीत आहे. मग पहाटेच गाडी पोचवा असा आग्रह ट्रान्सपोर्टवाल्याकडं का धरायचा? मला दुपारी दोनची वेळ दिली तर मी निपाणीच्या अलीकडं ढाब्यावर चार तास झोपून, जेवून, तवंदी घाट उजेडात पार करून दोनला हजर राहीन. रात्रभर डोळे ताणून गाडी मारायची आणि पोचल्यावर दिवसभर बसून राहायचं, हे कोणाच्याच फायद्याचं नाही. तरी प्रत्येक वेळी फोन येतो, “सकाळी पाचच्या आत गाडी लागली पाहिजे.”

डिसेंबरात हलग्याला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा मोर्चे आणि पोलीस बंदोबस्त यामुळं हायवेच मंद चालतो. तो उशीर मी गोदामाच्या नावावर टाकत नाही.

शनिवारी पोचणारी भरती मात्र घेऊच नये असं माझं आता पक्कं मत झालंय. ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याची मुदत अंतरावर असते. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस धरतात. पुणे ते बेळगाव साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस मिळतात. शुक्रवारी संध्याकाळी बिल काढलं की पहिला दिवस शनिवारी रात्री बाराला संपतो, दुसरा रविवारी रात्री बाराला. मी शनिवारी पहाटे गेटवर. शनिवारी नंबर लागला नाही, रविवारी गोदाम बंद, सोमवारी बोलावतात तेव्हा बिल संपलेलं. मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच वेळात. म्हणजे रविवारी दुपारी चार ते सोमवारी सकाळी आठ. त्या वेळात ट्रान्सपोर्टचं ऑफिस बंद, क्लार्कचा फोन बंद. भरलेली गाडी रस्त्यावर उभी आणि कागद मुदतीबाहेर. अशा वेळी तपासणी आली तर जीएसटीच्या कलम १२९ खाली गाडी अडवता येते आणि करपात्र मालावर कराच्या दुप्पट दंड बसू शकतो. वेळेत पोचलेल्या गाडीवर ही पाळी येते. एका रविवारी मी क्लार्कच्या घरी भावाच्या पोराला पाठवून मुदत वाढवून घेतली, कारण आम्ही इथलेच. परराज्यातल्या ड्रायव्हरनं कुणाला पाठवायचं?

परराज्यातल्या ड्रायव्हरांची अवस्था बघवत नाही. तमिळनाडूच्या नामक्कल भागातल्या गाड्या आपल्या हायवेला किती असतात ते सगळ्यांना माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तिकडचा एक ड्रायव्हर माझ्या पुढं उभा होता. वय साठीकडं झुकलेलं, शुगरची गोळी चालू. मराठी नाही, कानडी नाही, हिंदी मोडकंतोडकं. सकाळपासून गाडी सोडून गेला नव्हता, कारण सिक्युरिटीनं फोन करतो म्हणून सांगितलेलं आणि ते त्यानं अक्षरशः पाळलं होतं. दुपारी तीनच्या सुमारास त्याला घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी पाण्यात साखर घालून दिली, टपरीवरून उप्पीट आणून खायला लावलं. मग घरी फोन केला, पुतण्या मोटारसायकलवरून भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी घेऊन आला आणि आम्ही दोघं गाडीच्या सावलीत बसून जेवलो. तो बरा झाला. त्याची गाडी आत गेली दुसऱ्या दिवशी. आत, गेटपासून पन्नास पावलांवर, कामगारांचं कॅन्टीन आहे, गार पाण्याचा कूलर आहे, संडास आहे. ड्रायव्हरला तिकडं जायला परवानगी नाही. नियम म्हणून सांगतात. माल चोरीला जाईल ही भीती असेल तर गेटच्या बाजूला वेगळा नळ आणि दोन संडास बांधायला किती खर्च येतो? ज्या गोदामानं डॉकवर एवढं छत काढलंय त्याला हे जड नाही.

एप्रिल-मेमध्ये उभ्या गाडीची केबिन तापते ती वेगळीच. आता नव्यानं तयार होणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे असा नियम झालाय आणि तो चांगला आहे. पण उभ्या गाडीत एसी चालवायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं, डिझेल जळतं. गाडी धावताना मिळालेला गारवा गेटवर मिळणार नाही. माझी गाडी तर जुनी आहे. आम्ही ओला टॉवेल मानेवर टाकतो आणि दरवाजे उघडे ठेवतो. पावसाळ्यात रस्त्याची कड चिखल होते, त्यात डावी चाकं रुततात आणि फोन आला की गाडी काढायलाच अर्धा तास जातो.

एवढं सगळं सोसूनही ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ती गोष्ट वेगळी आहे.

गोदामाच्या गेटवर रजिस्टर आहे. गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, बिल्टी नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. हे रजिस्टर कधी भरतात? गाडी गेटमधून आत वळते तेव्हा. पहाटे पाचला मी बाहेर लावली, याची नोंद कुठंच होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आत घेतली की ‘आत आल्याची वेळ’ दुपारी दोन, ‘बाहेर गेल्याची वेळ’ चार. कागदावर दोन तासांत गाडी मोकळी. तीच वेळ पोहोचपावतीवर छापून येते.

याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला तो हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे पैसे, मागायला गेलो तेव्हा. आमच्या धंद्यात रीत अशी की पोचल्यापासून चोवीस तासांत गाडी खाली झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचं हॉल्टिंग द्यायचं. तोंडी ठरलेलं असतं. ट्रान्सपोर्टवाल्यानं कागद बघितला आणि म्हणाला, “दादा, यावर तर दोन तास दिसतात. कंपनीला काय दाखवू मी?” त्याचंही खोटं नव्हतं. मग मी फोनमधला फास्टॅगचा मेसेज काढला. हत्तरगी टोलला पैसे कापले त्याची तारीख आणि वेळ त्यात स्पष्ट होती, आदल्या दिवशी पहाटेची. हत्तरगीहून बेळगाव भरलेल्या गाडीला तासाभराचं. त्यानं ते मानलं आणि आपल्या खिशातून थोडे पैसे दिले. माल पाठवणाऱ्या कंपनीनं मानलं नाही. टोल ओलांडल्यावर गाडी कुठं होती याचा पुरावा काय, असा त्यांचा प्रश्न.

पुढच्या वेळी मी आतल्या सुपरवायझरला गाठलं. शिकलेला मुलगा, मराठी-कानडी दोन्ही चांगलं बोलतो, आवाज चढवत नाही. म्हटलं, “साहेब, आल्याची वेळ बिल्टीवर लिहून सही द्या.”

तो म्हणाला, “काका, गेट-इन झाल्याशिवाय आमच्या सिस्टीमला गाडी दिसतच नाही.”

“पण मला तर तुम्ही बघताय की.”

“मी बघतो हो. पण मी लिहून दिलं तर वरून मला विचारतात, गाडी थांबली का म्हणून. आमचा टाइम सगळ्या गोदामांत चांगला आहे, दर महिन्याला तो वर जातो.”

त्याच्या टेबलामागं भिंतीवर तो तक्ता लावलेला होता. गाडी आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतचा सरासरी वेळ, महिन्यागणिक कमी होत गेलेला. त्यात बाहेरची रांग नाही. आम्ही रस्त्यावर काढलेल्या रात्री कुठल्याच रकान्यात नाहीत. तो मुलगा वाईट नाही, हे मी पुन्हा सांगतो. त्याच्या साहेबांना वरून जे दिसतं त्यात त्यांचं गोदाम उत्तम चाललंय. जी गोष्ट कोणी लिहीतच नाही ती सुधारायला कोण जाणार? आमचा वेळ त्यांना फुकट आहे, आणि फुकटची वस्तू कोणी जपून वापरत नाही.

पगारी ड्रायव्हरांचं तर याहून अवघड. गावातल्या एका वकिलांनी मला १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा वाचून दाखवला, नोव्हेंबर २०२५ पर्यंत तो लागू होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, ही मर्यादा त्यात घातलेली. ते ऐकून बरं वाटलं. पण कामाचे तास कशाला म्हणायचं तेही त्यात दिलं होतं. गाडी धावते तो वेळ, तिच्याबरोबरची जोडकामं, आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो. पंधरा मिनिटांपुढचं नुसतं हजर राहणं कामात धरायचं नव्हतं. मला कायद्यातलं फार कळत नाही. पण ज्यानं रात्र स्टिअरिंगवर आणि दिवस गेटवर काढला त्याला विश्रांती मिळाली असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं त्याच संध्याकाळी त्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून तवंदी घाट पार करून बघावा. झोप न झालेला माणूस चाळीस किलोमीटरवर कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागं असतो. रांगेचा हा भाग गोदामाच्या भिंतीबाहेर संपत नाही.

थांबायला माझी ना नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी येऊन कोल्हापूरजवळ हायवे बंद झाला, तेव्हा आम्ही दिवसेंदिवस जागेवर होतो. आजूबाजूच्या गावांतल्या बायकामाणसांनी चपात्या आणून दिल्या. तेव्हा कुणाचीच तक्रार नव्हती, कारण पाणी कधी उतरणार हे कोणालाच माहीत नव्हतं. इथं आतल्या माणसाला माहीत असतं. आज किती गाड्या खाली होणार हे त्याला सकाळी नऊलाच कळलेलं असतं. ‘तुझी आज होत नाही, घरी जा, उद्या अकराला ये’ एवढं सांगितलं तरी माझी रात्र वाचते.

आणि हे जमत नाही असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या यार्डात उसाच्या गाड्या उभ्या असतात. तिथंही तासन् तास लागतात, ऊस वाळून वजन घटतं, शेतकरी बोलून दाखवतो. पण यार्डात नंबर टेकर असतो. गाडी आली की नंबर पडतो आणि आपल्या पुढं किती आहेत हे ट्रॅक्टरवाल्या पोरालाही माहीत असतं. नंबर कळला की माणूस जेवून येतो, झोपतो, टायर बघून घेतो. हायवेवरच्या गोदामाकडं कॉम्प्युटर आहे, कॅमेरे आहेत, आणि हा साधा नंबर नाही.

दुसरं उदाहरण मार्केट यार्डाच्या बाजूचं एक जुनं गोदाम. मी कधीमधी तिथं पेंडीची आणि तेलाची भरती खाली करतो. डॉक नाही, छत गळतं, फळी लावून हमाल पाठीवर माल उतरवतात. गाडी खाली व्हायला चार-पाच तास सहज जातात. पण गाडी दारात लागली की दिवाणजी चष्मा लावून बाहेर येतात, बिल्टी हातात घेतात आणि मागच्या बाजूला पेननं वेळ लिहितात. खाली सही. मग म्हणतात, “दोन गाड्या आहेत तुझ्या आधी, तीन वाजतील, जाऊन ये कुठं जायचं ते.” आणि तीनला होतंच. एकदा पावसानं दुसरा दिवस उजाडला, तर हॉल्टिंग त्यांनी मागायच्या आत दिलं. त्या गोदामाला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गळक्या छतासाठी कापला.

पैशाचं थोडक्यात. गेटवर गेलेला दिवस म्हणजे नुसता तो दिवस नाही. उद्यमबागेत माझं कास्टिंग तयार होऊन पडलेलं असतं. फाउंड्रीवाल्याला पुण्यात पार्ट वेळेवर द्यायचा असतो, तो माझ्यासाठी थांबत नाही, दुसरी गाडी लावतो. बरोबरच करतो. मग मी रिकामा बसतो, आणि बँकेचा हप्ता, इन्शुरन्स, परमिट हे काही रिकामं बसत नाही. परतीच्या भाड्याची बाकी पोहोच दिल्यावर मिळते आणि पोहोचपावतीचा शिक्का गाडी खाली झाल्यावर. म्हणजे गेटवरचा प्रत्येक दिवस माझे पैसेही एक दिवस लांबवतो.

ज्यांना तिथं जावंच लागतं त्यांच्यासाठी माझा अनुभव असा. मंगळवार ते गुरुवार पोचलात तर बरं, शुक्रवारची भरती घेऊ नका, महिन्याचा शेवटचा आठवडा शक्यतो टाळा. पाण्याचा कॅन भरून न्या, टपरी आठनंतर बंद होते. पोचल्याबरोबर गेटची पाटी आणि आपला गाडी नंबर दोन्ही येतील असा फोटो काढा, त्यावर वेळ आणि ठिकाण उमटेल असं फोनमध्ये आधीच लावून ठेवा, आणि तो फोटो लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला आणि माल पाठवणाऱ्याला दोघांनाही पाठवा. नंतर पाठवलेला फोटो कोणी मानत नाही. हॉल्टिंगचा दर तोंडी ठेवू नका, भरती घेतानाच बिल्टीवर लिहून घ्या. माल पाठवणारा नाही म्हणाला तर त्याला मार्केट यार्डाच्या दिवाणजींचं उदाहरण सांगा. टोलचे मेसेज पुसू नका.

गोदामाच्या मॅनेजरांकडं माझं मागणं एकच आहे आणि त्याला नवीन डॉक, नवीन माणूस काही लागत नाही. गेटच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, ‘बाहेर पोचल्याची वेळ’. सिक्युरिटीवाला बिल्टी हातात घेतो त्याच क्षणी तो भरू दे आणि तीच वेळ पोहोचपावतीवर येऊ दे. दुपारच्या वेळा देणं, नंबर सांगणं, पाण्याचा नळ, हे सगळं त्यानंतर आपोआप सुचेल, कारण भिंतीवरच्या तक्त्यात रांग दिसायला लागेल.

आम्ही काही गाडीवाले, यळ्ळूर, सुळगा, कडोली आणि निपाणीकडचे, आपापल्या बिल्ट्या आणि टोलचे मेसेज एकत्र करतोय. दिवाळीची भरती सुरू व्हायच्या आत ते घेऊन मॅनेजरांना भेटायचं ठरलंय. त्या गोदामाच्या बाहेर रात्र काढलेल्या कोणाकडंही असे कागद असतील, मग पासिंग केए असो, एमएच असो नाहीतर टीएन, त्यांनी ते फेकून देऊ नयेत आणि आमच्यापर्यंत पोचवावेत.